रिकाम्या पिंजऱ्यांची पूड

सोमवार
पूड दाबून भरली, टोपण बसवलं आणि ताई म्हणाली, जमलं की. नखाएवढी नळी. एनएमआर यंत्राच्या चुंबकात ती भिरभिरते आणि पडद्यावरच्या आलेखात धातूचं शिखर उमटतं. पुडीतला धातू कुठे बसलाय ते त्यावरून कळतं. पुडीतला प्रत्येक रेणू म्हणजे एक पिंजरा. पाण्यातलं कॅडमियम आत शिरलं की सुटत नाही. हा पिंजरा माझ्या ताईने घडवला. नोकरीचा पहिला दिवस छान गेला. राहायला तिच्याच खोलीवर आले आहे. खिडकीजवळची खाट तिने मला दिली.

गुरुवार
प्रयोगशाळेच्या सरांनी माझी ओळख करून दिली: हिची धाकटी बहीण. दिवसभर तेच. माझी नळी बघून ताईने विचारलं, नमुना भरतेस की उशी? सगळे हसले. मीही हसले. आईचा फोन आला. ताईचा खोकला, ताईचं जेवण, ताईचा संशोधनाचा पेपर. मग, तू बरी आहेस ना, आणि ठेवला.

मंगळवार
आज तुलनेसाठी बिनधातूची पूड. रिकामे पिंजरे, म्हणजे शिखर येताच कामा नये. भरताना, दर दाबाला, मनात एकच: ताई इथे नसती तर.
शिखर आलं. बारीक, ताठ. नळी धुतली, नवी पूड भरली. पुन्हा आलं.
ताईला विचारलं. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "पिंजरा कुणाला ओढत नाही गं. आत जागा असते, एवढंच. गेलेल्याला मग निघवत नाही."

शुक्रवार
शिखर वाढतंय. ताईचा आवाज पार गेला. सरांनी मला तिच्या टेबलावर माझं सामान मांडायला सांगितलं. ती खुर्चीत बसलेली होती.
आईचा फोन. फक्त माझी चौकशी. किती वेळ बोलली. मीही ताईचा विषय काढला नाही.

रविवार
तिची खाट सपाट. चपला दारातच. आईला फोन केला. आई म्हणाली, "कुठली ताई? तू एकुलती एक आमची."
नळी अजून फिरतेय. थांबवून टोपण काढलं तर ती कदाचित सुटेल— प्रयोगशाळेत जाते. आत्ताच—

सोमवार, सकाळ
नळी थांबवली नाही. सरांनी विचारलं, पेपरवर नाव कुणाचं. म्हटलं, माझं. एकटीचं. माझाही आवाज बसला होता. ते लिहून घेत होते, तेव्हा पडद्यावर त्या शिखराला लागून दुसरं एक—