पुदिन्याची कुंडी

बाबा,

काल मैत्रिणींसाठी बर्फ कुटला, साखरेत पुदिना चेचला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली व्हिस्की ओतली. पहिल्याच घोटाला एकजण म्हणाली, "अगं, हा तर गार चहा आहे!" मी हसण्यावारी नेलं.

डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही पीत गेलात, आणि बाटलीत तेवढा कोरा चहा भरत गेलात? जेवणानंतर "पचनाला बरा" म्हणून पुदिना चघळायचात, तो वास मारायला! आणि मी मूर्ख, रोज त्या कुंडीला पाणी घालत होते.

बाटली आणि कुंडी, दोन्ही टेबलावर ठेवून कामावर जातेय. आई आली की तिला तुम्हीच काय ते सांगा. ती बिचारी अजून शेजारीपाजारी सांगत फिरतेय, "यांनी दारू सोडली आणि बागकाम धरलं."