तिकडची थंडी

ती. अण्णा,

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई, म्हणून खरं लिहितो. मी इंग्लंडात न्हाई. महिना झाला, लातुरातच एका खोलीवर हाय.

तिकडं मी आजारी पडलो अन् वर्गाला जाणं सुटलं. परदेशी पोरांसाठी विद्यापीठात वेगळं ऑफिस असतंय. तिथल्या मॅडम सारखा निरोप धाडायच्या, 'येऊन भेट, मार्ग काढू.' मी गेलोच न्हाई. शाळेत असताना किनवटच्या वसतिगृहात ऑफिसचं बोलावणं म्हणजे आधी छडी, मग 'बापाला घेऊन ये.' तीच धास्ती अंगात मुरलेली. माझ्यासारखाच आजारी पडलेला नायजेरियाचा एक पोरगा गेला, त्याला मुदत मिळाली. मी खोलीत लपून राहिलो. हजेरी न्हाई म्हणून नाव कमी झालं, त्याबरोबर व्हिसाबी गेला.

गावानं फेटा बांधून, हलगी वाजवून मला धाडलं होतं. आता रेणापुरात कोणत्या तोंडानं उतरू?

काल इथं लातूरच्या बाजारात अडत दुकानासमोर तुम्ही दिसलात. सोयाबीनच्या पोत्यावर बसून उपरण्यानं घाम पुसत होतात. मी रस्त्यापल्याड, टपरीच्या आडोशाला. तुम्ही मोबाईल काढून व्हॉट्सॲपवर फोन लावला अन् माझ्या खिशातला फोन वाजला.

'उजाडलं का तिकडं? थंडी लई असंल, कानटोपी घालत जा.'

'हाव अण्णा.'

'आज आवाज लई जवळून यायलाय रे,' तुम्ही हसून म्हणलात.

मी फोन कट केला. तुम्ही 'हॅलो, हॅलो' करत उठलात अन् रेंज मिळावी म्हणून रस्ता ओलांडून माझ्याच दिशेनं यायला लागलात.

मी पाठ फिरवली.

तुमचा,
रामलिंग
मु. पो. लातूर