शनिवारचं सारवण

माय, आज दुपारी मी शाळेच्या ओट्यावर बसून होते. पोरी समोर पाढे म्हणत होत्या आणि मला एकही आकडा ऐकू येत नव्हता. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तुझ्याबद्दल काही नवं कळायचं राहिलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आपल्या गावच्या गुरुजींच्या पत्नी, मास्तरीणबाई, हल्ली धुळ्याला लेकाकडे राहतात. मी इथं मुलींच्या शाळेत शिकवते हे कळलं, तशा काठी टेकत भेटायला आल्या. नेमकी तेव्हाच मी एका पोरीच्या आईला झापत होते. घरी पाटी कोणी बघायची नाही, मग शाळेनं एकटीनं काय काय करायचं? ती बाई पदर तोंडाशी धरून निघून गेली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुझी माय नशिबाची गं. तिला मास्तरीण म्हणून तू मिळाली नाहीस." मी हसले. मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं माझं हसू जागच्या जागी विरलं.

आपल्या शिंदखेड्याकडच्या गावात शाळेची एकच खोली, खाली मातीची जमीन. गुरुजींचे दोन नेम होते. रोज संध्याकाळी घरच्या मोठ्या माणसानं पाटी बघायची आणि बघितल्याची खूण म्हणून चौकटीवर चुन्याचं बोट टेकवायचं. दुसरा नेम म्हणजे शनिवारी सकाळची शाळा सुटली की कोणा एका मुलाच्या आईनं येऊन जमीन सारवायची, पाळीपाळीनं. बाप शेतातून अंधार पडल्यावर यायचा, म्हणून माझी पाटी तुझ्या वाट्याला आली. पहिल्याच दिवशी तू ती उलटी धरलीस, हातभर लांब, आणि सगळं तपासल्यासारखं गंभीर तोंड करून विचारलंस, "बठ्ठं बरोबर शे ना, बाई?" मी चुलीपुढे पोट धरधरून हसले. "माय, पाटी उलटी शे!" तूही हसलीस, चुन्याचं बोट टेकवलंस आणि भाकरी थापायला बसलीस.

त्यानंतर तू दर शनिवारी शाळेत दिसायला लागलीस. कोणाला ताप आलेला असे, कोणाची कापसाची वेचणी असे, त्यांच्या पाळ्या तू मागून घ्यायचीस आणि शेणाचं घमेलं घेऊन हजर. मला वाटे, हिला गावाची हांजी हांजी करायची भारी हौस. तुझे कोपरापर्यंत बरबटलेले हात, वर खोचलेलं लुगडं, आणि मी वर्गात पहिली! सहा महिने मी हे सोसलं. मग डिपुटी साहेब तपासणीला यायचे होते, त्याच्या आधीच्या शनिवारी मी तुला आपल्या उंबऱ्यातच अडवलं.

"माय, तू शाळामा येऊ नको. पोरी माले हसतस."

तू घमेलं खाली ठेवलंस. "बरं शे," म्हणालीस, "नही येत." त्याच शेणानं तू आपलं अंगण सारवलंस. पुढे आपली पाळी आली तेव्हाही तू शेजारच्या काकूला पाठवलंस.

आता मास्तरीणबाई काय म्हणाल्या ते ऐक. सारवण झालं की ओल्या जमिनीवर त्या तुला बोटानं एक अक्षर काढून द्यायच्या. तू त्यावरून दहादा, वीसदा बोट फिरवायचीस आणि सोमवारी कोणाला दिसू नये म्हणून तेवढा तुकडा पुन्हा सारवून टाकायचीस. एका शनिवारी एक अक्षर. "पोरनी पाटी माले सुलटी धरता उनी, का झायं," असं म्हणायचीस म्हणे; पाटी सुलटी धरता आली की तुला पुरे होतं. "'भ'पर्यंत आली होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला 'म' शिकवायचा होता. मी किती वेळ वाट बघत बसले. का गं आली नाही ती?"

तुझे चोवीस शनिवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले आणि मला फक्त शेण दिसलं होतं. आणि मग एकदम आठवलं: त्या वर्षी तू पाटी सुलटीच धरत होतीस. एकदा मी 'बदक' लिहिलं होतं, त्यावर बोट ठेवून तू थांबली होतीस. तुझे ओठ हलत होते. "काय करी राहीनी?" मी विचारलं. "काही नही," म्हणालीस आणि चुन्याकडे हात नेलास. तू वाचत होतीस गं! माझ्या समोर बसून वाचत होतीस आणि मी भाकरीची वाट बघत होते.

लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर हे लिहिलं. ते कुठे धाडणार? धाडलं असतं तरी तुला 'माय'च्या पहिल्याच अक्षरावर अडायला झालं असतं. उद्या त्या पोरीच्या आईच्या घरी जाऊन तिची माफी मागणार आहे. पण एक गोष्ट मी मास्तरीणबाईंनाही सांगितली नाही, धीरच झाला नाही. पोरी हसत नव्हत्या, माय. उलट तुला अडवलं त्याच्या पुढच्या सोमवारी एकीनं मला विचारलं होतं, "तुनी माय का बरं नही उनी?" तुला हसणारी सगळ्या गावात मी एकटीच होते.