टेकाडवस्तीचा फोल्डर

उस्मानपुरा, औरंगाबाद
मे २०१६

ती. भानुआत्यास,

अर्ध्या बादलीत स्वतःची आंघोळ आणि घरची फरशी दोन्ही उरकून बसलेल्या स्वरालीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे रोज नवी इमारत उगवते आहे, नळ मात्र आठवड्यातून एकदा दर्शन देतो. फोनवर तू नुसती बोलतेस, ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र कन्नडच्या जीपवाल्याबरोबर पाठवते आहे.

टेकाडवस्तीचा टँकर बंद झाला म्हणून तू मला झापलंस, ते मनाला लागलं. आत्या, आमचं ऑफिस टँकर चालवत नाही गं, टँकरचे फोटो सांभाळतं. टँकर विहिरीत रिकामा होताना ड्रायव्हरनं फोटो काढायचा आणि तो आमच्या कॉम्प्युटरवर तालुक्याच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या गावाच्या, त्यातल्या वस्तीच्या, त्यातल्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ज्या वस्तीचा फोल्डर नाही ती वरच्या साहेबांना दिसतच नाही. तुमची वस्ती अशीच गायब झाली. विश्वजितसर (आमचे मालक, माणूस चांगला, पण कामाच्या वेळी नव्हे) म्हणाले, हातानं कर फोल्डर. जिल्हाभरच्या वस्त्या आणि रोजची तारीख, म्हणजे दिवाळीच उजाडली असती. मी शहागंजातून पर्लचं एक जुनं पुस्तक आणलं. पर्ल ही कॉम्प्युटरला हुकूम सोडायची भाषा, आणि ते हुकूम लिहिले की झाली स्क्रिप्ट. म्हटलं, आता करेन तर अशीच करेन.

पहिल्याच हुकमाला गडी अडून बसला. मी त्याला थेट वस्ती बांधायला सांगत होते. आधी तालुका, मग गाव, त्याशिवाय तो वस्तीला हात लावेना. (एवढी शिस्त या शहरात असती, तर आमच्या मागची कॉलनी रस्त्याच्या आधी उभी राहिली नसती.) मग त्याला एकेका फोल्डरमध्ये आत शिरायला शिकवलं. शिरला. बाहेर यायला सांगायचं मात्र राहून गेलं. आता ही खोड आपल्या घराण्यातलीच आहे. लग्नाच्या अक्षता द्यायला निघालेली तू पहिल्याच घरात चहाला बसतेस आणि पुढच्या घरांची आमंत्रणं त्यांच्याच स्वयंपाकघरातून हाका मारून उरकतेस. इथंही तेच झालं. वैजापूरच्या पोटात गंगापूर, गंगापूरच्या पोटात पैठण, आणि तुमचं कन्नड इतक्या खोल गेलं की पत्ता फार लांबला म्हणून कॉम्प्युटरनंच हात टेकले. सर म्हणाले, सोड आता. मी सोडणार नव्हते.

शेवटी पुस्तकात मला हवा होता तो हुकूम सापडला. अख्खा पत्ता एकदम द्यायचा. वाटेत जे नसेल ते तो बांधत जातो, जे असेल त्याला धक्का लावत नाही. चहा निवायच्या आत जिल्हा उभा राहिला. त्यात टेकाडवस्ती दिसली तेव्हा मला खरंच रडू आलं.

सरही खूश झाले. इतके खूश, की फोल्डर पाहूनच त्यांनी अहवालात लिहिलं, सर्व वस्त्यांना पाणी पोचले. मी म्हटलं, सर, फोल्डर रिकामे आहेत. तर म्हणतात, "फोल्डर आहे म्हणजे टँकर गेलाच असणार." त्याच संध्याकाळी तुझ्या शेजारच्या कडुबाचा फोन आला. "ताई, टँकर अजून नाय आला. आत्याबाई घागर घेऊन टेकाड उतरत्यात." एवढं बोलतेस, आत्या, मग अशा गुडघ्यांनी तू स्वतः पाण्याला उतरतेस हे का नाही सांगितलंस? मला फार राग आला आहे. तुझाही आणि सरांचाही.

बाकी सगळं छान. थोरांना नमस्कार, शेळीला कुरवाळणं.

तुझी,
स्वराली

ता. क. कडुबाला घेऊन विहिरीवर जा आणि त्याच्या मोबाइलवर विहिरीच्या तळाचा फोटो काढून मला पाठवायला सांग. (तू पुढ्यात उभी राहू नकोस, पदर सारखा करत बसशील आणि तळ झाकला जाईल.) आसपासच्या वस्त्यांनाही सांग. अक्षता देतेस तसं सांग, हाका मारून.

ता. ता. क. काल स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आता प्रत्येक तारखेच्या आत आणखी एक फोल्डर आहे, नाव 'टँकर आला नाही'. सोमवारी सर साहेबांसमोर सगळं उघडून दाखवणार आहेत. तो फोल्डर रिकामा ठेवू नकोस.