अक्रोडाच्या कुरणाची शीव

प्रिय पेरोन,

कुरण आपलं राहिलं! आधी हे वाच, मग खाली बस. झऱ्यासकट, गुरांच्या पाणवठ्यासकट अख्खं कुरण सावोयमध्ये राहिलं आणि ते तुझ्या या म्हाताऱ्या बापानं राखलं. म्हणजे गाव तरी तसं म्हणतंय. खरं काय ते पुढे लिहितो.

नेपोलियन पडला, तूरीनला आपला राजा परत गादीवर बसला, हे तुम्हाला आनसीत आमच्याआधी कळलं असेल. मागोमाग मोठ्या लोकांनी नकाशावर रेघा ओढल्या, जिनिव्हाकडे किती आणि राजाकडे किती. आपल्या कुरणापाशी मात्र नुसतं लिहिलं, ‘जुन्या दगडापासून’. आता दगड आहे कुठे? फ्रेंचांच्या वीस वर्षांत दोन्हीकडे एकच सरकार, मग शीव कोण विचारतो! कुणीतरी तो उपटून गोठ्याच्या भिंतीत घातला. पलीकडचे जिनिव्हावाले म्हणाले, दगड झऱ्याच्या खाली, आपल्या बाजूला होता. म्हणजे झरा त्यांचा आणि आपली गुरं तहानेली.

दगड गेला तरी त्याखालच्या साक्षी राहतात, हे तुला ठाऊक आहे. नव्वद साली मीच शपथेवर तो कुंपणाच्या कडेला रोवला आणि कौल फोडून त्याचे दोन तुकडे साक्षीला खाली पुरले. पण जागा मोजली होती थोरल्या अक्रोडापासून आणि अक्रोड सैन्यानं बंदुकांच्या दस्त्यांसाठी मुळासकट नेले. मंगळवारी दोन्हीकडचे अधिकारी आले. आपल्या साहेबांचा केसांचा टोप जुन्या राजवटीतला, कसरीनं खाल्लेला. मी तीन ठिकाणी खणलं, नुसती माती निघाली. पलीकडचा गिरणीवाला बोदे ओरडला, “आजोबा, बटाटे शोधताय होय? निघाले तर आमच्या हद्दीतले आम्हाला द्या बरं!” त्यांची माणसं खदाखदा हसली. साहेब मला म्हणाले, “फाव्रा, दुपारची घंटा होईस्तोवर थांबतो. मग त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं लागेल.” कुंपण दोनशे पावलांचं. सगळं खणायचं कधी?

दगड रोवताना पोरांचे कान पिळायचे, मग गोड पाव द्यायचा, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते. त्या वर्षी कान पिळलेली पोरं दोनच, क्लोद आणि जाकेमो. नेपोलियनच्या लढायांत एक स्पेनमध्ये कायमचा राहिला, दुसरा रशियाच्या बर्फात. आता विचारू कुणाला? आणि तेव्हा तू आठवलीस. नऊ वर्षांची, रांगेत तिसरी, कान पुढे करून उभी. मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “चल, घरी जा. पोरी लग्न होऊन जातात, त्यांच्या डोक्यात शीव कशाला?” तू पाव न घेता गेलीस आणि कुंपणाआडून ओरडलीस, “नका पिळू कान! तरी मला माहीत आहे. इथं उभं राहिलं की आपलं धुराडं डोंगराच्या खाचेत बसतं!”

मी धुराड्यावर नजर ठेवून कुंपणाकडेनं सरकत गेलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. धुराडं खाचेत बसलं तिथे थांबलो नि म्हणालो, “खणा.” हातभर खाली कौल! झऱ्याच्या चांगली वीस पावलं पलीकडे, म्हणजे झरा आपलाच. तुकडे साहेबांनी स्वतः जुळवले, केसाचीही फट नाही. बोदेचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं, वाइन पाजली, आणि पेरोन, मी गप्प बसून सगळं कौतुक गिळलं.

चार दिवस ते पचलं नाही. काल रविवारी चर्चच्या पायरीवर उभा राहून सांगून टाकलं की जागा माझ्या लेकीनं दाखवली, आणि तिला मी हाकलली होती. मी चुकलो, पोरी. नवा दगड नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला रोवायचा आहे. तुझ्या लेकीला, जोझेतला घेऊन ये, या खेपेला रांगेत पोरीही उभ्या राहणार. तिचा कान पिळीनच, पण पहिला तुझा. सव्वीस वर्षं झाली, म्हणून पाव जरा मोठा भाजायला सांगितलाय.

तुझाच,
उशिरा शहाणा झालेला बाप