शेवटचा भाग आणि खालचा मजला

मी, ओतकाम कारखान्यातली निवृत्त क्रेनचालक, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं ठिकाणावर आहे; शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. दातांच्या असल्या तरी माझी बडबड त्या रोज ऐकतात, तेवढं पुरे. कोणाचंही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. घराचा खालचा मजला माझ्या मुलीला. वरचा मजला माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, आहेच. जिन्याखाली त्याने साठवलेल्या मोडक्या खुर्च्या मुलीने खुशाल भंगारात द्याव्यात. मी सांगून सांगून थकले.

२. बँकेतल्या ठेवी व दागिने मुलीलाच. जावयाने त्यातून गाडी घेण्याचं मनात आणू नये. माणूस गरीब स्वभावाचा आहे, पण गाडी दिसली की पाघळतो.

३. क्रेनवरचे कातडी हातमोजे आणि शिट्टी नातीला. वजन काय, कोणीही उचलतं. ते टेकवायला अक्कल लागते. शिट्टी मारून खालची माणसं बाजूला करायची आणि वितळलेल्या लोखंडाचं भांडं थेंब न सांडता खाली ठेवायचं, हे काम मी उभी हयात केलं.

४. आता मुद्द्याचं. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची. एक कुटुंब यानातून दूरच्या ग्रहावर निघतं, वाट चुकतं आणि दर आठवड्याला घरी परतायची धडपड करतं. दुसऱ्या दिवशी तोच भाग आम्ही जिन्यावर खेळायचो. दादा कप्तान. मी यंत्रमानव, डोक्यावर खोका. "बायका यान चालवत नाहीत," हा दादाचा कायदा. पुढे मालिका मध्येच बंद पडली आणि ते बिचारे अधांतरी राहिले. दादा म्हणाला, "संपलं. मेले सगळे." मी म्हटलं, "पोचणार!" त्यावरून मारामारी झाली. माझा दात पडला, त्याची कॉलर फाटली. तो वाद आजतागायत मिटलेला नाही.

५. गेल्या वर्षी तीच मालिका नव्याने आली. काय सुरेख केली आहे हो! ग्रहावरची धूळ आपल्या नाकात जाईल असं वाटतं. आणि यान कोण चालवतं? आई! बाप घाबरून बडबडायला लागला की ती म्हणते, "पट्टा बांध आणि गप्प बस." मी उठून टाळ्या पिटल्या. मुलीला वाटलं, छातीत कळ आली. बिचारी धावत आली. दादा मात्र पाहायला तयार नाही. म्हणे, "जुनं ते सोनं. आई यान चालवणार, मग बापाने काय भांडी घासायची?" मी म्हटलं, "घासतो की! आणि तुझ्यापेक्षा स्वच्छ." त्यावर तो तरातरा वर निघून गेला.

६. शेवटचा भाग मी अजून पाहिलेला नाही. मुद्दाम ठेवला आहे. दादा शेजारी नसेल तर जिंकून तरी काय करू, कोणाला चिडवू? आणि उद्याचं काही सांगता येत नाही. मला भीती वाटते, हे एकदा लिहून टाकते. ऑपरेशनच्या आधी तो भाग दादाबरोबर पाहायचा, एवढी एकच इच्छा उरली आहे.

७. दादाला मी काहीही देत नाही. यात राग नाही. हे लिहून घेणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. मग काय, ठरलंच! दादाला साक्षीदार केलं. साक्षीदाराला झक मारत खाली यावं लागतं.

८. हे कलम आत्ता वाढवून घेतलं. दादा आला. चष्मा लावून सगळं वाचलं.

"मला काहीच नाही?"

"नाही. बस."

"सही कुठे करू?"

"आधी भाग, मग सही."

"अहो वकीलबाई, ही जबरदस्ती झाली!"

वकीलबाई म्हणाल्या, "बसा हो, मलाही पाहायचाय." डॉक्टरीणबाईंनी तर आधीच खुर्ची पुढे ओढली होती.

सुरुवातीला दादाने नाक मुरडलं. मग पुढे सरकून बसला. इंजिन बंद पडलं तेव्हा ओरडायलाच लागला, "अगं बाई, डावीकडे घे, डावीकडे!" तिने कोणाचं ऐकलं नाही. यान अलगद मातीला टेकवलं, अगदी मी भांडं टेकवायचे तसं. दादाने माझा हात घट्ट धरला. डोळे वाहत होते, पुसायचंही सुचलं नाही त्याला.

"पोचले गं," म्हणाला. "तुझंच खरं झालं."

हे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या, असं मी वकीलबाईंना बजावलं. खाडाखोड चालणार नाही.

जिंकले! आता झडप बदला नाहीतर अख्खं इंजिन बदला, माझी तयारी आहे.

ठिकाण : खालचा मजला, टीव्हीची खोली
दिनांक : ऑपरेशनची आदली संध्याकाळ
सही : लिहून ठेवणार, क्रेनचालक

साक्षीदार :

१. दातांच्या डॉक्टरीणबाई. क्रेनचालक बाईंनी माझ्यासमक्ष सही केली.

२. थोरला भाऊ. धाकटीने माझ्यासमक्ष सही केली. यान घरी पोचलं, तेही मी समक्ष पाहिलं. हीपण पोचणार.