तीन नंबरचा जॉ

पोलादपूर,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
अरविंदचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपली ही जुनी रीत. यंदा आपल्याकडे दिवाळी नव्हतीच. विनीतला जाऊन पाच महिने होतील, तरी महाडहून फोन आला की भाच्यानंच केलाय असं वाटतं.

त्याचं लेथ मशीन विकल्यावर स्नेहलनं बाकीचं सामान माझ्याकडे विकायला पाठवलं, ते पोचलं. ड्रिल चक आणि हत्यारं विकली गेली. मोठ्या चकाला दासगावचं गिऱ्हाईक आहे, पण त्यात दोनच जॉ निघाले. तीन नंबरचा नाही. लेथवाल्याची आई असलीस तरी तुला हे ठाऊक नसेल. चक म्हणजे लेथची मूठ; तिच्यातले तिन्ही जॉ जबड्यासारखे मिळून लोखंड धरतात, आणि दुसऱ्या चकाचा जॉ यात घातला तर लोखंड सरळ फिरत नाही. एकावाचून बाकीचे दोन नुसतं वजन. कपाटाखाली, पोत्यात बघ जरा.

गुडघ्याला तेल लावतेस, का बाटली शोभेला ठेवलीयस? माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अरविंद

महाड,
ता. १६ नोव्हेंबर

चि. अरविंदास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सगळं घर पाहिलं, जॉ काही दिसला नाही. सामान स्नेहलनं बांधलं होतं, मी त्यात हात घातला नव्हता. सूनबाईलाच विचार. हल्ली तिचं लक्ष कुठे असतं देव जाणे, मंगळवारी आमटीत दोनदा मीठ पडलं.

तेलाची बाटली अर्धी झालीय. खोटं वाटत असेल तर येऊन बघ. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
ताई

पोलादपूर,
ता. २३ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

स्नेहलला फोन केला. एवढंच म्हणाली, "माझ्याच हातून हरवला, मामा." कुठे, कसा, काही सांगेना. माझं डोकं फिरलं. नवऱ्याची एक वस्तू पाच महिने सांभाळता आली नाय का तुला, असं बोलून गेलो. गिऱ्हाईक परत गेलं. त्याच रागात चक आणि दोन्ही जॉ भंगाराच्या टेम्पोत टाकले. टेम्पो वळणाआड गेल्यावर मी रस्त्यापर्यंत धावलो.

तो जुना चक मीच विनीतला पसंत करून दिला होता. पहिल्याच दिवशी छातीशी धरून उचलला आणि नवा शर्ट तेलानं माखला. तू शिव्या मला घातल्या होत्यास. आठवतं ना?

सुनेला फार बोलू नकोस. मी बोललो तेवढं पुरे. धाकट्यावर लोभ ठेव.

तुझा,
अरविंद

महाड,
ता. १ डिसेंबर

चि. अरविंदास,
अनेक आशीर्वाद.

स्नेहल कुडपणला माहेरी गेलीय, आज चार दिवस झाले. जाताना माझ्या गोळ्या वारांप्रमाणे डब्यात भरून गेली. भांडून गेली असती तर बरं झालं असतं.

अरविंदा, जॉ माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला विनीत तिन्ही जॉ माझ्याकडून रॉकेलनं धुऊन घ्यायचा आणि पूजेत मांडायचा. सामान बांधलं त्या दुपारी मी शेवटचं बघायला गेले, तर तीनाच्या आकड्याच्या खाचेत गेल्या वर्षीचं कुंकू अजून होतं. त्याच्या बोटानं लावलेलं. मला सोडवेना. तिन्ही सारखेच दिसतात, एक कमी झाला तर दोघांवर भागेल असं मला वाटलं. तुझ्या पत्रानं चूक कळली, पण द्यायचा नव्हता म्हणून पोरीचं नाव पुढे केलं. मला स्वतःची लाज वाटते.

चक गेला तो गेला. विनीतच्या रुमालात बांधून जॉ एसटीच्या कंडक्टरकडे देतेय. तो घेऊन कुडपणला जा. माझी दोन्ही पत्रं तिला दाखव आणि तिला घेऊन ये. ती नसली तर या घरात मला कोण आहे?

तुझी,
ताई

कुडपण,
ता. ६ डिसेंबर

ती. आईंस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

मामा काल वर आले. अंगणात बसले आणि तुमची दोन्ही पत्रं आणि रुमाल माझ्यापुढे ठेवला. हात जोडले त्यांनी. मला फार अवघड झालं. त्यांच्यावर माझा राग नाही.

आई, जॉ तुमच्याकडे होता हे मला माहीत होतं. अंथरूण काढताना उशीखाली जड लागलं. होता तसा परत ठेवला. मामांनी विचारलं तेव्हा दोष माझ्यावर घेतला, कारण तो तुमच्याजवळून कोणी काढून नेऊ नये असं वाटत होतं. पण मामांचं पत्र तुम्ही माझ्यासमोर वाचलंत, घडी घातलीत आणि काहीच बोलला नाहीत. तेव्हा मी पिशवी भरली.

आमटीत मीठ दोनदा पडलं तो मंगळवार ह्यांच्या, विनीतच्या, वाढदिवसाचा होता. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.

मामांबरोबर मी आले नाही, आणि जॉही पाठवत नाही. इतके दिवस तो तुमच्या उशीखाली होता. मला काय हवंय ते कोणी विचारलंच नाही. थोडे दिवस आता माझ्या उशीखाली राहू द्या. मग मीच घेऊन येईन.

डबा परत भरताना शुक्रवारच्या खणात पांढऱ्या गोळ्या दोन टाका, चुकवू नका.

तुमची,
स्नेहल